उच्च रक्तदाबातील आहारनियंत्रणासाठी स्मार्टफोन-साधने

उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तीला आहारातील सोडियम, पोटॅशियम व ऊर्जा यांचा हिशेब ठेवता यावा आणि त्यानुसार खाण्याच्या सवयी बदलता याव्यात, यासाठी वापरली जाणारी मोबाइल ॲप्स. काही ॲप्स बारकोड वाचून पदार्थातील मिठाचे प्रमाण सांगतात, काही आहाराची रोजनिशी ठेवतात, काही ताटाच्या छायाचित्रावरून पदार्थ ओळखतात, तर काही ठरावीक वेळी किंवा ठिकाणी सूचना देतात. औषधोपचाराला ही साधने पर्याय नव्हेत.

आहारामुळे रक्तदाब उतरतो याचा भक्कम पुरावा स्मार्टफोनच्या आधीचा आहे. अमेरिकेत ४५९ प्रौढांवर झालेल्या व १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फळे, भाज्या व कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ भरपूर असलेल्या ‘डॅश’ आहारामुळे उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा दाब, नेहमीच्या आहाराच्या तुलनेत, सरासरी ११.४ मिमी. पारा इतका खाली आला. २००१ च्या पुढील चाचणीत त्याला मीठ कमी करण्याची जोड दिल्यावर तो आणखी उतरला. मात्र या चाचण्यांमध्ये मोजूनमापून तयार केलेले जेवण संशोधकांनीच पुरवले होते. एरवी हे काम ज्याचे त्यालाच करावे लागते आणि अडचण नेमकी तेथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसाला २,००० मिग्रॅ.पेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे. प्रत्यक्षात जगाची सरासरी याच्या दुपटीहून अधिक आहे. त्यातच वेष्टनावर कधी मिठाचा तर कधी सोडियमचा आकडा छापलेला असतो, सोडियमला २.५ ने गुणले की मीठ मिळते, हे गणित ॲप परस्पर करते.

साधनाची उपयुक्तता मीठ पोटात कोठून जाते यावर अवलंबून असते, आणि ॲप निवडताना हीच बाब सर्वाधिक दुर्लक्षिली जाते. ज्यांच्या आहारातील बहुतेक मीठ पाव, चीज, सॉस, प्रक्रिया केलेले मांस अशा तयार पदार्थांतून येते, त्यांना बारकोड वाचणारे ॲप खरोखर उपयोगी पडते. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये सुरू झालेले ‘फूडस्विच’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. ते पदार्थाला लाल, पिवळा वा हिरवा रंग देते आणि त्याच प्रकारातील कमी मिठाचा पदार्थ सुचवते. याच धर्तीवरील ‘सॉल्टस्विच’ची न्यूझीलंडमध्ये ६६ हृदयरुग्णांवर चाचणी झाली, तेव्हा खरेदी केलेल्या पदार्थांतील मीठ घटले, लघवीतील सोडियममध्ये (पोटात किती मीठ गेले ते यावरून कळते) मात्र लक्षणीय फरक आढळला नाही.

मीठ मुख्यतः घरच्या स्वयंपाकात पडत असेल, तर बारकोड निरुपयोगी ठरतो. छायाचित्र ओळखणारी ॲप्सही येथे थिटी पडतात, कारण कॅमेऱ्याला पदार्थ दिसतो, त्यात विरघळलेले मीठ दिसत नाही; ॲप दाखवते तो आकडा कोणत्या तरी प्रमाणित पाककृतीतून घेतलेला असतो. अशा घरांत मोजण्यापेक्षा शिकवण्यावर भर देणारी पद्धत अधिक फलदायी ठरल्याचे दिसते. चीनमध्ये ५४ प्राथमिक शाळांत झालेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुलांना ॲपद्वारे धडे देऊन घरच्यांचे मीठ कमी करण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले होते. वर्षभरानंतर, तुलनेसाठी ठेवलेल्या गटापेक्षा, घरातील प्रौढांच्या आहारातील मीठ दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम कमी झाले. त्यासाठी कोणालाही दर घासाची नोंद करावी लागली नाही.

आहाराची रोजनिशी हा सर्वांत जुना व सर्वांत कंटाळवाणा प्रकार. वरून घेतलेले मीठ, लोणची, चटण्या अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी नोंदीतून हमखास निसटतात, आणि वापरकर्त्यांनीच भरलेल्या माहितीसंग्रहांत सोडियमचा रकाना पुष्कळदा रिकामा असतो, जो बेरजेत शून्य धरला जाण्याचा धोका असतो. त्यामुळे ही बेरीज नेहमी कमीच निघते असे धरून चालावे. आहारातील सोडियमचा सुमारे ९० टक्के भाग लघवीवाटे बाहेर पडत असल्याने २४ तासांची लघवी तपासणे हेच विश्वसनीय मोजमाप मानले जाते. रोजनिशी कायमची चालवण्याऐवजी आठवडाभर नेटाने ठेवून मिठाचे दोन-तीन मोठे स्रोत हुडकणे पुरेसे असते.

पोटॅशियमबाबत मात्र ॲपचा सल्ला आंधळेपणाने पाळू नये. पोटॅशियमयुक्त आहार रक्तदाबाला हितकारक असला, तरी मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांत, तसेच स्पायरोनोलॅक्टोन किंवा रॅमिप्रिलसारखी रक्तदाबावरील औषधे घेणाऱ्यांत रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. नेहमीच्या मिठाऐवजी वापरल्या जाणाऱ्या कमी सोडियमच्या पर्यायी मिठात पोटॅशियम क्लोराइड असल्याने तेही अशांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

केवळ फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तदाब सांगणाऱ्या ॲप्सची गणना या साधनांत करू नये. अशा एका लोकप्रिय ॲपच्या २०१६ मधील तपासणीत रक्तदाब प्रत्यक्षात वाढलेला असलेल्या तीन चतुर्थांशांहून अधिक व्यक्तींना तो ठीक असल्याचे सांगितले गेले होते. आहारातील बदलाचा परिणाम पाहायचा असेल, तर दंडाला पट्टा बांधून मोजणारे प्रमाणित यंत्रच वापरावे आणि त्यावरील आकडे तेवढे फोनमध्ये नोंदवावेत.