निनावी औद्योगिक लेन्स आणि मॅक्रो छायाचित्रण

कारखान्यातील यंत्र, स्कॅनर, छापखान्यातील कॅमेरा किंवा स्टुडिओतील फोटो छापण्याचे मशीन भंगारात निघाले, की त्यातून लेन्स सुटतात. त्यांवर बहुधा नाव नसते, फार तर एखादा क्रमांक असतो. अशी लेन्स साध्या डिजिटल कॅमेऱ्याला जोडून किडे, बिया, तंतू, धातूचे पृष्ठभाग यांची मोठी छायाचित्रे घेण्याच्या पद्धतीची ही नोंद आहे. संदर्भ खानदेशाचा, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांचा आहे.

नेहमीची फोटोची लेन्स दूरचे दृश्य टिपण्यासाठी घडवलेली असते. औद्योगिक लेन्सचे काम ठरलेले असते: एका ठरावीक अंतरावरची सपाट वस्तू एका ठरावीक प्रमाणात सेन्सरवर उतरवणे. त्या प्रमाणाला ती कडेपर्यंत धारदार असते, सरळ रेषा वाकवत नाही आणि रंगांची किनार जवळजवळ दिसू देत नाही. प्रमाण सोडले की तीच लेन्स सुमार वाटू लागते. म्हणून निनावी लेन्स हाती आल्यावर तिचा कारखाना शोधण्यापेक्षा तिचे मूळ प्रमाण शोधणे जास्त फळते.

कुठून मिळतात

जळगावच्या डाळ मिलांमधील रंगानुसार दाणे निवडणारे यंत्र, ज्याला मिलमध्ये सर्रास सॉर्टेक्स म्हणतात, हा या भागातला विशेष स्रोत आहे. घसरणीवरून पडणाऱ्या डाळीवर रेषा-सेन्सरचे (एका वेळी एकच ओळ टिपणारे) कॅमेरे नजर ठेवतात आणि डागी दाणा दिसताच हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. २०४८ बिंदूंचा आणि प्रत्येकी १४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रेषा-सेन्सर २८.७ मिमी लांब असतो. इतकी रेषा झाकणारी लेन्स एपीएस-सी (अनेक साध्या डिजिटल कॅमेऱ्यांत असलेल्या) सेन्सरचा सुमारे २८ मिमीचा कर्णही झाकते. जुन्या ऑफसेट छापखान्यांतील प्रोसेस कॅमेऱ्यांच्या लेन्स अतिशय सपाट चित्र देतात, पण त्यांचे नाभीय अंतर (दूरच्या वस्तूचे चित्र लेन्समागे जेवढ्यावर उमटते ते) मोठे असते. २४० मिमीच्या लेन्सला १:१ प्रमाणासाठी, म्हणजे चित्र वस्तूएवढेच येण्यासाठी, सेन्सरपासून ४८० मिमी दूर धरावे लागते, आणि एवढा बेलोज (लेन्स व कॅमेरा यांमधला लांबवता येणारा घडीचा भाता) सहसा कुणाकडे नसतो. बंद पडलेल्या स्टुडिओंतील एन्लार्जरच्या (फिल्मवरून मोठा फोटो छापणाऱ्या यंत्राच्या) ५० मिमी लेन्स, फिल्म स्कॅनरच्या लेन्स आणि सीसीटीव्हीच्या सी-माउंट (एका ठरावीक आट्यांच्या) लेन्स यांचा उपयोग जास्त होतो. ए४ आकाराच्या फ्लॅटबेड स्कॅनरची छोटी लेन्स सुमारे २१६ मिमी रुंदीचा कागद काही सेंटिमीटरच्या सेन्सरवर उतरवते. उलटी लावली की ती चार-पाचपट वर्धनाला चांगली चालते.

काही लेन्स उचलूच नयेत. लेझर प्रिंटरमधील लांबट लेन्स एकाच तरंगलांबीसाठी असते आणि तिचा पृष्ठभाग गोलीय नसतो, त्यामुळे चित्र बनतच नाही. अ‍ॅक्रिलिक कापणाऱ्या लेझर मशीनमधील पिवळट-नारिंगी लेन्स झिंक सेलेनाईडची असते. ती फुटली तर तिची धूळ विषारी असते, म्हणून ती घासू नये आणि घरात ठेवू नये. धातूसारखी चकाकणारी, आरपार न दिसणारी जर्मेनियमची लेन्स उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची असते, दृश्य प्रकाश तिच्यातून जातच नाही. काही निवड यंत्रांत अवरक्त कॅमेरेही असतात. त्यांच्या लेन्सचे कोटिंग दृश्य प्रकाशासाठी नसल्याने चित्र फिके आणि धुरकट येते.

काढण्याआधी मोजणे

लेन्स अजून यंत्रात असेल तर पाना लावण्याआधी तीन गोष्टी नोंदवाव्यात: सेन्सरपासून वस्तूपर्यंतचे एकूण अंतर, सेन्सरची लांबी आणि यंत्र वस्तूची किती रुंदी पाहते ती. सेन्सरच्या लांबीला त्या रुंदीने भागले की मूळ प्रमाण निघते. प्रमाण १:४ आणि एकूण अंतर ३१२ मिमी असेल तर नाभीय अंतर ५० मिमीच्या आसपास असते, कारण या प्रमाणाला एकूण अंतर नाभीय अंतराच्या सव्वासहा पट भरते. लेन्सची कोणती बाजू सेन्सरकडे होती तिथे मार्करने खूण करावी. भंगारवाल्याच्या पोत्यातून आलेल्या लेन्सच्या बाबतीत ही सगळी माहिती गमावलेली असते आणि ती नंतर अंदाजाने भरून काढावी लागते. मिलच्या मेकॅनिकशी आधी बोलून ठेवले तर हा त्रास वाचतो.

सुट्या लेन्सचे नाभीय अंतर काढण्याची खात्रीची रीत अशी: लेन्स कशीही करून कॅमेऱ्यापुढे बसवावी, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी स्पष्ट करावी आणि चौकटीत किती मिलिमीटर मावतात ते मोजावे. २३.५ मिमी रुंद सेन्सरवर १८ मिमी मावले तर वर्धन १.३१. आता मध्ये ३६ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स व कॅमेरा यांमध्ये बसणारी पोकळ नळी) घालून पुन्हा स्पष्ट करावे. समजा ११.६ मिमी मावले, म्हणजे वर्धन २.०३. वर्धनातली वाढ ०.७२, आणि ३६ भागिले ०.७२ म्हणजे ५० मिमी. लेन्सच्या आत मुख्य प्रतल (जिथून नाभीय अंतर मोजतात ती पातळी) कुठे आहे हे माहीत असण्याची गरज या रीतीत पडत नाही, म्हणून ती पट्टीने नुसते अंतर मोजण्यापेक्षा भरवशाची आहे.

अ‍ॅपर्चरसाठी (प्रकाश आत येण्याच्या छिद्रासाठी) लेन्स प्रकाशासमोर धरून दीड-दोन मीटरवरून पुढच्या बाजूने पाहावे आणि आत दिसणाऱ्या उजळ वर्तुळाचा व्यास मोजावा. ५० मिमी लेन्समध्ये तो १२.५ मिमी असेल तर ५० भागिले १२.५, म्हणजे लेन्स एफ/४ ची आहे.

कोणती बाजू पुढे

मूळ यंत्रात जी बाजू लहान गोष्टीकडे होती तीच बाजू नव्या कामातही लहान गोष्टीकडे ठेवावी. सॉर्टेक्समध्ये सेन्सर लहान आणि घसरण मोठी असते. तिपटीच्या मॅक्रोत उलट होते, किडा लहान आणि सेन्सर मोठा. म्हणून लेन्स उलटी, पूर्वी सेन्सरकडे असलेली बाजू किड्याकडे करून लावावी. एन्लार्जरच्या लेन्सलाही १:१ च्या पुढे हेच लागू आहे. १:१ साठी घडवलेल्या सममित लेन्सला मात्र बाजूने फरक पडत नाही. खात्री नसेल तर दोन्ही बाजूंनी एकेक चित्र घेऊन कोपरे ताडून पाहावेत.

सी-माउंट लेन्सचे चित्रवर्तुळ (ती जेवढा गोल भाग चित्राने झाकते तो) लहान असते म्हणून ती टाकून देऊ नये. ११ मिमीचे वर्तुळ देणारी लेन्स दुप्पट वर्धनाला नेली की वर्तुळ सुमारे तिप्पट, म्हणजे ३३ मिमी होते आणि एपीएस-सी सेन्सर पूर्ण झाकला जातो.

आटे आणि जोडणी

मॅक्रोत अनंत अंतरावर फोकस लागत नाही, त्यामुळे कुठल्याही कॅमेऱ्याचे शरीर चालते. खरी अडचण आट्यांची असते. व्हर्नियरने व्यास आणि पिच गेजने आट्यांचे अंतर मोजल्याशिवाय अडॅप्टर मागवू नये. एम४२×१ आणि एम४२×०.७५ या दोन्ही आट्यांचा व्यास सारखाच असतो. चुकीची रिंग एक-दोन फेरे जाते आणि मग अडकते. जोर लावला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे कायमचे सोलून निघतात. एन्लार्जर लेन्सवर ३९ मिमी व्यासाचे आणि इंचाला २६ आटे असतात, सी-माउंटवर १ इंचाला ३२. रेषा-कॅमेऱ्यांच्या मोठ्या लेन्सवर एम५८×०.७५ आणि एम७२×०.७५ हेही दिसतात. एमआयडीसीतला चांगला टर्नर मिमी आट्यांची रिंग सहज काढून देतो. इंची आट्यांसाठी मात्र त्याच्या लेथला गिअर बदलण्याची सोय आहे का, हे आधी विचारावे. आटेच नसलेली गुळगुळीत नळी असेल तर बॉडी कॅपला भोक पाडून ती घट्ट बसवावी आणि चाचणी पटल्यावरच इपॉक्सी लावावे.

ट्यूबच्या आतली चकाकी हा सर्वात दुर्लक्षित दोष आहे. काळ्या मखमलीवर साखरेचा दाणा ठेवून फोटो घ्यावा. मखमल मधोमध राखाडी दिसली तर ट्यूबमधून प्रकाश परावर्तित होतो आहे, लेन्सला दोष देऊ नये. आत काळा लवदार कागद चिकटवला की बहुतेक वेळा भागते. काळा रंग पुरेसा नसतो, कारण तिरप्या कोनात मॅट रंगही चमकतो.

अ‍ॅपर्चर, विवर्तन आणि थर

वर्धन वाढते तसे परिणामी अ‍ॅपर्चर बारीक होत जाते. एफ/४ ची लेन्स तिपटीला साधारण एफ/१६ सारखी वागते आणि विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) हिरव्या प्रकाशातल्या एका बिंदूचा ठिपका सुमारे २१ मायक्रॉनचा होतो. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरचा पिक्सेल ४ मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे आणखी बंद केल्यास चित्र मऊच होणार. खोली वाढवण्यासाठी अ‍ॅपर्चर मिटवण्याचा मोह या वर्धनाला टाळावा. बऱ्याच लेन्सना बदलते अ‍ॅपर्चर नसतेच. कमी करायचेच असेल तर मधोमध भोक पाडलेली काळ्या कार्डाची चकती लेन्सच्या मधल्या फटीत बसवावी. मागे लावल्यास कोपरे काळे पडतात.

तिपटीला एफ/४ ची स्पष्ट खोली जेमतेम ०.०७ मिमी असते. म्हणून ०.०५ मिमीच्या पायऱ्यांनी चित्रे घेऊन ती सॉफ्टवेअरने एकत्र करतात. दीड मिमी खोलीच्या विषयाला ३० चित्रे लागतात. ०.५ मिमी पिचचा मायक्रोमीटर हेड किंवा जुन्या सूक्ष्मदर्शकाचा फोकस ब्लॉक हे काम नेमके करतो. बाजारातल्या सरकत्या रेलचा स्क्रू बहुधा १ मिमी पिचचा असतो, त्याला फेऱ्याच्या विसाव्या भागाने फिरवणे हाताला जमत नाही. चित्रे घेताना पंखा बंद ठेवावा. मे महिन्यात हे कठीण जाते, पण हवेने पान हलले की थर जुळत नाहीत. फ्लॅश सर्वात कमी शक्तीवर ठेवला तर त्याचा झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहून कमी वेळ टिकतो आणि बारीक थरथर गोठते. झोत मऊ करायला बटर पेपरचा शंकू पुरतो.

चाचणी आणि उपयोग

या भागात हाताशी असलेली सर्वोत्तम चाचणी-वस्तू म्हणजे कापसाचा तंतू. त्याची जाडी १२ ते २० मायक्रॉन असते आणि तो पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो. तिपटीला पिळाच्या कडा सुट्या दिसल्या तर लेन्स ठेवण्याजोगी. रंगदोष पाहण्यासाठी छापील पट्टी ४५ अंशांत तिरपी धरावी. फोकसच्या अलीकडे जांभळट आणि पलीकडे हिरवट किनार ठळक दिसली तर लेन्स एकरंगी प्रकाशासाठी घडवलेली असण्याची शक्यता आहे. हिरव्या एलईडीखाली कृष्णधवल कामाला ती उत्तम ठरू शकते.

कापूस आणि केळीवरील किडी हा इथला सर्वात उपयुक्त विषय. फुलकिडे सुमारे १ मिमी, गुलाबी बोंडअळीचे अंडे अर्धा मिमी, केळीवर बंची टॉप (पाने आखडून झुपका होणारा विषाणूजन्य रोग) पसरवणारा मावा दीड मिमीच्या आसपास. मोबाइलच्या फोटोत हे नुसते ठिपके दिसतात. पाचपटीला चौकट साधारण ४.७ मिमी रुंदीची होते आणि फुलकिड्याच्या पंखांची झालरही दिसते. कीड ओळखून फवारणी ठरवायची असते तेव्हा असे एक चित्र सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) लांबलचक वर्णनापेक्षा जास्त सांगते.

निगा

मिलमधून आलेल्या लेन्सवर डाळीच्या टरफलांची बारीक धूळ असते. ती कापडाने पुसली तर कोटिंगवर ओरखडे उमटतात. आधी रबरी पंपाने फुंकावी, मग मऊ ब्रशने झाडावी, शेवटी लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन मध्यापासून कडेकडे पुसावे. उन्हात उभ्या गाडीत लेन्स ठेवू नये, कारण तापमानाने ग्रीस पाझरते आणि जुन्या चिकटवलेल्या काचांचे जोड सुटतात. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवावे आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून परत भरावे. प्रत्येक लेन्सच्या डब्यावर मोजलेले नाभीय अंतर, अ‍ॅपर्चर, आटे, कोणती बाजू पुढे आणि कोणत्या वर्धनाला ती सर्वात चांगली ठरली, एवढे लिहून चिकटवावे.