आठ मात्रांचा श्वास

आमच्या शेजारची पोरगी संगीत घेऊन बीए करते आहे. यंदा कॉलेजनं इंटर्नशिप सक्तीची केली. वर्गातल्या बाकीच्यांनी ओळखीपाळखीनं कुठं कुठं जागा मिळवल्या, आणि हिनं निवडलं त्रिमूर्तीनगरकडचं ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्र. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार ते सहा. सोबत चित्रकलेची एक मुलगी आणि समाजकार्याचा एक मुलगा. ही खंजिरी घेऊन जाते. सोसायटीच्या फाटकावर एका काकांनी तिला विचारलंच, "भजनं म्हणून राहिली, अन् त्याले इंटर्नशिप म्हणून राहिली काय वं पोरी?"

तो प्रश्न मला लागला. कला म्हणजे विरंगुळा आणि आरोग्य म्हणजे दवाखाना, अशी सरळ वाटणी आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कला आणि आरोग्य या विषयावरच्या ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात गाणं, नाच, चित्रं, नाटक सगळं आहे. मला त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल लिहायचं आहे, कारण ती कळल्यापासून मी भजन वेगळ्या कानांनी ऐकतो. ती गोष्ट म्हणजे लांबलेला उच्छ्वास.

आधी एक प्रयोग करा. मनगटावर बोटं ठेवून नाडी पाहा. हळू श्वास आत घ्या, मग त्याहून हळू सोडा. श्वास आत जाताना ठोके किंचित जवळजवळ पडतात, सोडताना लांब पडतात. तरुणांना हे सहज जाणवतं. वय वाढतं तसा हा फरक कमी होतो, त्यामुळे साठीनंतर जाणवला नाही तर घाबरू नका. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी ही गोष्ट १८४७ मध्येच नोंदवली होती.

असं का होतं? हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो. ठोका तिथून सुरू होतो. त्याला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. पण निवांत बसलेल्या माणसाची नाडी ७०च्या आसपास असते. म्हणजे कुणीतरी सतत ब्रेक दाबून धरलेला असतो. तो ब्रेक म्हणजे व्हेगस, मेंदूतून थेट निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्यांपैकी दहावी. ती मानेतून उतरून हृदय, फुफ्फुसं, आतडी अशी लांबवर जाते.

हा ब्रेक लागतो एका रसायनामुळे. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाची दोन हृदयं घेतली. पहिल्याची व्हेगस विजेनं उत्तेजित केली, ते मंदावलं. मग त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, तर तेही मंदावलं, आणि त्याला तर कुणी हातही लावला नव्हता! ते रसायन ॲसिटिलकोलिन. या संशोधनासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चं नोबेल मिळालं.

ॲसिटिलकोलिन क्षणात तयार होतं आणि क्षणात नष्टही होतं, त्यामुळे व्हेगस ठोक्यागणिक ब्रेक कमीजास्त करू शकते. श्वास आत घेताना मेंदूच्या बुंध्यातलं श्वसनकेंद्र व्हेगसच्या पेशींना तेवढ्यापुरतं दाबून टाकतं, म्हणून ब्रेक सुटतो. सोडताना तो पुन्हा लागतो. आणि गाणं म्हणजे काय? झटकन घेतलेला श्वास आणि सावकाश, मोजून सोडलेला उच्छ्वास. ओळ संपेपर्यंत हवा पुरवायची असते, त्यामुळे बहुतेक वेळ ब्रेकच्या बाजूला जातो.

आता थोडा अवघड भाग, पण सोडू नका. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींत दाब मोजणारे चेतातंतू आहेत. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात, हृदय मंदावतं, रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. उतरला की उलट. हृदय लगेच ऐकतं, पण रक्तवाहिन्यांना सैल व्हायला काही सेकंद लागतात. या उशिरामुळे दाब एका जागी ठरत नाही, तो साधारण १० सेकंदांच्या लयीत हलका झुलत राहतो. झोक्याला त्याच्याच लयीत हात लावला तर थोड्या जोरात तो उंच जातो. श्वासही १० सेकंदांचा केला, म्हणजे मिनिटाला सहा, तर तो या दाबाच्या झोक्याशी जुळतो, आणि दाब सांभाळणारी यंत्रणा अधिक तत्पर होते.

इटलीतल्या पाव्हियाच्या लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांवर हेच तपासलं. त्यांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. जपमाळेत अर्धी प्रार्थना पुढचा म्हणतो, अर्धी बाकीचे, आणि एक फेरी साधारण १० सेकंदांची होते.

हे वाचलं आणि मी खंजिरीचा ठेका मोजायला बसलो. भजनी ठेका आठ मात्रांचा. मिनिटाला ९६ मात्रांची लय धरली तर आठ मात्रा बरोबर पाच सेकंदांत होतात. बुवांनी एक आवर्तन म्हणायचं, टाळकऱ्यांनी एक. फेरी १० सेकंदांची! ज्यांच्या खंजिरी भजनांवर विदर्भातली गावंच्या गावं डोलली, त्या तुकडोजी महाराजांच्या मुलखात हे गणित कुणी कागदावर मांडायची गरजच नव्हती. केंद्रातल्या काही आजीआजोबांना भजन नको, भीमगीतं हवी असतात, काहींना त्रिसरण. सावकाश म्हटलेलं 'बुद्धं सरणं गच्छामि' तेवढाच लांब उच्छ्वास मागतं. देव कोणता, धर्म कोणता, याचा इथं काही संबंध नाही.

म्हणूनच व्हॉट्सॲपवर फिरणारे ते तक्ते बघून मला संताप येतो. अमुक रागानं मधुमेह जातो, तमुक रागानं मूतखडा, ४३२ हर्ट्झचा सूर ऐकला की पेशी दुरुस्त होतात. याला कसलाही आधार नाही. माझ्या ओळखीतल्या एका आजींनी असलं काही ऐकून रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या आणि त्या चक्कर येऊन पडल्या. ऐकणं वेगळं, गाणं वेगळं, आणि गाण्यानं गोळी सुटत नाही.

खरे अभ्यास किती तोलून बोलतात ते पाहा. इंग्लंडमध्ये कोविडनंतर महिनोन्‌महिने धाप लागणाऱ्या १५० जणांवर चाचणी झाली. अर्ध्यांना ऑपेरा कंपनीच्या गायन शिक्षकांनी सहा आठवडे ऑनलाइन श्वास आणि अंगाई शिकवली, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. गाणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, शारीरिक आरोग्याच्या एकूण गुणांत मात्र ठळक फरक दिसला नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्याच्या १३४ जणींच्या दुसऱ्या एका चाचणीत, त्रास जास्त असलेल्या बायका गाण्याच्या गटात लवकर सावरल्या. आपल्याकडे पाळण्यांचा आणि ओव्यांचा एवढा साठा असताना असे गट नागपुरात का नसावेत, हे मला खरोखर कळत नाही.

या मुलीला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आधी आणि नंतर नाडी मोजून 'बघा, कमी झाली' म्हणू नकोस. अर्धा तास नुसतं बसलं तरी नाडी उतरते. न गाणारा गट सोबत हवा. समाजकार्याच्या मुलानं मग बाहेर बाकावर गप्पा मारत बसणाऱ्यांच्याही नाड्या लिहायला सुरुवात केली. सहा-सात माणसांवरून सिद्ध काहीच होणार नाही, पण वही नीट ठेवायची सवय लागते आहे.

परवा तिनं ती वही दाखवली. दमा असलेल्या एका आजींची ओळ मधेच तुटत होती, त्यांना पाच सेकंद पुरत नव्हते. त्या ओशाळून गप्प बसू लागल्या होत्या. हिनं त्या मंगळवारी ओळ मधोमध तोडली, चार मात्रा बुवांच्या, चार मात्रा सगळ्यांच्या, आणि लय तीच ठेवली. शेवटच्या रकान्यात पेन्सिलनं लिहिलं आहे: 'आजी पूर्ण म्हणाल्या. शुक्रवारी पाच मात्रा करून बघायच्या.'