पाऊस न देणारा समुद्र

१८०२ च्या जूनमध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आजच्या इक्वेडोरमधला चिंबोराझो चढायला निघाला. ६,२६३ मीटर उंचीचा हा ज्वालामुखी विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर आहे, तरी त्याच्या माथ्यावर बारमाही बर्फ असतं. शिखर काही त्याला गाठता आलं नाही. पण कोणत्या उंचीवर कोणती झाडं संपतात, गवत कुठे सुरू होतं, याची त्याने बारकाईने नोंद ठेवली. दक्षिणेकडे सरकत तो त्याच वर्षी पेरूच्या किनाऱ्यावर उतरला आणि तिथे त्याने समुद्रात तापमापक बुडवला. पारा सुमारे १६ अंश सेल्सिअसवर थांबला. उष्ण कटिबंधातला समुद्र एरवी पंचवीसच्या वर असतो.

नकाशावर अक्षांश पाहून हवामान सांगायची आपल्याला शाळेपासून सवय असते. इक्वेडोर आणि पेरू ही सवय मोडून काढतात, म्हणून मला ही जोडी फार मोलाची वाटते. इक्वेडोरमधलं ग्वायाकिल विषुववृत्ताच्या दोन अंश दक्षिणेला, पेरूची राजधानी लिमा बारा अंश दक्षिणेला. दोन्ही शहरं सखल भागातली, पॅसिफिकच्या बाजूची, उष्ण कटिबंधातली. ग्वायाकिलमध्ये वर्षाला साधारण एक मीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जानेवारी ते एप्रिलमध्ये. लिमामध्ये सरासरी दोन सेंटिमीटरही पडत नाही.

एवढा फरक पडतो तो पाण्यामुळे. पेरूच्या किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडून उत्तरेकडे वारे वाहतात. पृथ्वी फिरत असल्यामुळे दक्षिण गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पाणी डावीकडे वळतं, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर जातं. त्याची जागा भरायला खालचं गार पाणी वर येतं. त्या पाण्यावरची हवाही गार आणि जड होते, तर तिच्या वर गरम हवेचं झाकण बसतं. खालची हवा वर चढूच शकत नाही, आणि हवा चढल्याशिवाय पाऊस देणारे ढग तयार होत नाहीत. परिणामी समुद्र शेजारी असून वाळवंट.

मात्र हे वाळवंट कोरडं ठणठणीत नसतं. हिवाळ्यात लिमावर आठवडेच्या आठवडे करडं आभाळ टेकलेलं असतं. 'गारुआ' नावाचं तुषारांइतकं बारीक पाणी हवेत तरंगतं, गाडीची काच ओलसर होते, पण रस्त्यावरून ओहोळ वाहत नाही. शहराभोवतीच्या टेकड्यांवर लोक दोन खांबांमध्ये प्लास्टिकची बारीक जाळी ताणून उभी करतात. धुकं जाळीतून जाताना कण धाग्यांना चिकटतात, एकमेकांत मिसळून जड होतात, घरंगळत खालच्या पन्हळीत उतरतात आणि तिथून टाकीत जातात. पावसाचा थेंब न पडता भरलेली टाकी!

त्याच गार पाण्याबरोबर खालचे क्षार वर येतात, त्यावर सूक्ष्म वनस्पती, त्यांच्यावर अँचोव्हेटा मासे आणि माशांवर लाखो समुद्रपक्षी जगतात. पक्ष्यांची विष्ठा धुऊन न्यायला पाऊस नाही, म्हणून पेरूच्या किनाऱ्याजवळच्या 'चिंचा' नावाच्या बेटांवर तिचे कित्येक मीटर जाडीचे थर साचले होते. हेच एकोणिसाव्या शतकात जगभर खत म्हणून विकलं गेलेलं ग्वानो.

पेरूच्या उत्तर टोकाजवळ, चार-पाच अंश दक्षिणेला, किनारा वळतो आणि हा गार प्रवाह जमीन सोडून गालापागोसच्या दिशेने निघतो. विषुववृत्तावरच्या त्या बेटांवर पेंग्विन राहतात त्यामागे हेही एक कारण आहे. त्याच्या पुढे लगेच चित्र पालटतं: सीमेवरच्या तुंबेसला खारफुटी, आणि इक्वेडोरच्या उत्तर किनाऱ्यावर, एस्मेराल्दासकडे, घनदाट वर्षावन.

डोंगरातही दोन देश वेगळे पडतात. अँडीजची रांग उत्तर पेरूत एके ठिकाणी इतकी खाली येते की पोरकुल्याची खिंड समुद्रसपाटीपासून अवघ्या २,१४५ मीटरवर आहे. तिच्या उत्तरेला उंचावरचा ओला, धुक्यातला गवताळ 'पारामो', तर दक्षिणेला पुढे कोरडा 'पुना'. इक्वेडोरमध्ये कोटोपाक्सीसारखे जागृत ज्वालामुखी रांगेने उभे आहेत. उत्तर आणि मध्य पेरूत एकही नाही, कारण तिथे नाझ्का भूपट्ट, म्हणजे पॅसिफिकच्या तळाखालचा पृथ्वीच्या कवचाचा तुकडा, खंडाखाली जवळजवळ आडवा सरकतो आणि खडक वितळण्याइतक्या खोलीवर लवकर पोचत नाही. अँडीजच्या पूर्वेला मात्र फरक शोधूनही सापडत नाही. नापो नदी इक्वेडोरमधून पेरूत उतरून ॲमेझॉनला मिळते, आणि जंगल सगळीकडे तेच.

काही वर्षी वारे मंदावतात. गार पाणी वर येणं कमी होतं आणि विषुववृत्ताकडचं गरम पाणी दक्षिणेला पसरतं. नाताळच्या सुमारास येणाऱ्या या गरम पाण्याला पेरूचे कोळी 'एल निन्यो', म्हणजे बाळ येशू, म्हणू लागले. पेरूच्या किनाऱ्याच्या गार प्रवाहाला 'हुम्बोल्ट प्रवाह' म्हणतात, पण आपलं नाव त्याला दिलेलं खुद्द हुम्बोल्टला पसंत नव्हतं. किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या पोरांनाही तो शतकानुशतकं ठाऊक आहे, आपण फक्त तापमान मोजलं, असं तो म्हणे.

१९९७-९८ मध्ये असाच जोरदार एल निन्यो आला. हवेवरचं झाकण उडालं, आणि उत्तर पेरूतल्या सेचुराच्या वाळवंटात इतका पाऊस कोसळला की सुमारे दीडशे किलोमीटर लांबीचं तळं साचलं. काही काळ ते पेरूतलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं सरोवर होतं. मग समुद्र पुन्हा गार झाला आणि ते आटत गेलं.