'करून पहा'च्या खालची ओळ

ग्लासभर पाण्यात चमचाभर मीठ टाका, ढवळा. मीठ दिसेनासं होतं, म्हणजेच ते विरघळलं. शाळेच्या पुस्तकातला असा 'करून पहा' उपक्रम आपल्या सगळ्यांच्याच ओळखीचा. पण 'म्हणजेच'नंतरचं उत्तर तिथंच छापलेलं असेल, तर मुलाने शोधायचं काय?

उपक्रम मुलाला किती विचार करायला लावतो, हे तपासायला शिक्षक ज्या पायऱ्या वापरतात, त्या अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडल्या. २००१ मध्ये त्यांना आठवणे, समजणे, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि नवनिर्मिती असं रूप मिळालं. डीएडला आपण हा क्रम पाठ करतो. पाठ करणं ही त्यातली पहिलीच पायरी!

आपल्याकडे राज्याची शालेय पुस्तकं काढणाऱ्या बालभारतीची स्थापना १९६७ मध्ये झाली आणि राज्यभरातल्या मुलांच्या हाती एकसारखी पुस्तकं आली. पण मला खरं वळण वाटतं ते शेजारच्या मध्य प्रदेशातलं. होशंगाबादमध्ये १९७२ साली सोळा शाळांत मुलं स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकू लागली, आणि परीक्षेलाही पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. पुस्तक समोर असताना आठवणीचा प्रश्न विचारून उपयोगच नाही, त्यामुळे प्रश्नच बदलावे लागले. तो कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला, याची हळहळ आजही वाटते. दरम्यान, शाळकरी मुलांवरच्या ओझ्याचा विचार करणाऱ्या यशपाल समितीने १९९३ मध्येच न समजता पाठ करण्याच्या ओझ्यावर बोट ठेवलं, आणि २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलाने ज्ञान स्वतः रचावं असं सांगितलं. आपल्या परिसर अभ्यासात 'सांगा पाहू', 'जरा डोके चालवा' अशा चौकटी आहेत. चौकटीचं नाव चांगलंच आहे, पण मी आधी तिच्या खालचा प्रश्न वाचते.

'नदीला पूर का येतो?' याचं उत्तर धड्यातून उतरवता येतं. नाशिकच्या मुलांकडे मात्र पुराचं स्वतःचं माप आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की घरोघरी एकच चौकशी: पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला? पाचवीच्या मुलांनी आठवडाभर वहीत तीन रकाने भरावेत: तारीख, विसर्ग किती क्युसेक (म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी), पाणी कुठवर. पूर बघायला घाटावर जायचं नाही, आकडे बातम्यांतून घ्यायचे. मग दोन दिवस शेजारी ठेवून विचारावं: विसर्ग तेवढाच होता, तरी मंगळवारी पाणी जास्त का चढलं? कुणी म्हणेल, धरणाच्या खालीही पाऊस पडला असेल. कुणी नाल्यांचं नाव घेईल. मग पुढचा प्रश्न: हे खरं की नाही, ते कळायला वहीत चौथा रकाना कशाचा घ्यायचा?