कोळिष्टकांची राणी: लॉल्थ या देवीची पार्श्वभूमी

आमच्या बेळगावच्या वडगावातल्या रविवारच्या बैठकीत आम्ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो: प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि फासे टाकत, बोलत गोष्ट पुढे न्यायची. पुढच्या महिन्यापासून सुरू होणारी मोहीम, म्हणजे अनेक बैठकांची सलग गोष्ट, जमिनीखालच्या एका शहरात घडते. शहर ड्राऊंचं, म्हणजे काळ्या एल्फांचं (एल्फ म्हणजे पाश्चात्त्य परीकथांतले माणसासारखे जीव), आणि शहरावर सत्ता लॉल्थ या त्यांच्या देवीची. टेबलाभोवती आम्ही सहाजण बसतो. बोलणं मराठीत, रागावलं की कन्नडमध्ये, नियमांची नावं इंग्रजीत. सहापैकी तिघांनी लॉल्थचं नाव पहिल्यांदा वाचलं ते २०२३ साली आलेल्या 'बाल्डर्स गेट ३' या व्हिडिओ गेममध्ये. आपलं कॅरेक्टर निवडताना तिथे ड्राऊंचे दोन प्रकार दिसतात, त्यातला एक लॉल्थला शपथबद्ध. बाकीच्यांना तेवढीही ओळख नाही. फासे हातात घेण्याआधी ही देवी आली कुठून, हे सगळ्यांना ठाऊक असावं म्हणून हे लिहितो आहे.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत छापून आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. १९७७ च्या राक्षस-प्राण्यांच्या पुस्तकात ड्राऊंचा उल्लेख आहे, पण ओझरता: असे काळे एल्फ असतात म्हणे, एवढंच. शब्द मूळचा स्कॉटलंडकडचा. उत्तरेच्या ऑर्कनी आणि शेटलंड बेटांवरच्या लोककथांत 'ट्राऊ' नावाचे टेकड्यांखाली राहणारे जीव आहेत, त्यांचाच हा भाऊबंद. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, गायगॅक्सने सहा साहसांची, म्हणजे खेळायला तयार गोष्टींच्या सहा पुस्तिकांची, माळ काढली. पहिल्या तीन पुस्तिकांत महाकाय राक्षस माणसांच्या वस्त्यांवर हल्ले करतात. त्यांना कोण चिथावतंय याचा माग काढत खेळाडू जमिनीखाली उतरतात आणि शेवटच्या पुस्तिकेत एरेल्हेई-सिन्लू या ड्राऊंच्या शहरात पोहोचतात. लॉल्थची पहिली खरी भेट इथली. कधी अजस्र काळा कोळी, कधी त्याच कोळ्याला बाईचं डोकं, कधी देखणी ड्राऊ स्त्री.

तिच्या अंगात तेव्हा सहासष्ट हिट पॉइंट होते, म्हणजे मार सोसायची ताकद एवढीच. अनुभवी खेळाडूंची टोळी तिला थेट मारू शकत होती. म्हणजे सुरुवातीची लॉल्थ ही शेवटच्या दारामागे बसलेली एक जबर शत्रू होती, त्यापलीकडे फारसं नाही.

पण त्या पुस्तिकेत एक बारीकशी गोष्ट आहे आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. राक्षसांना चिथावणारी लॉल्थ नव्हतीच. एका उमराव घराण्याला सगळ्या ड्राऊंवर एकछत्री राज्य हवं होतं, लॉल्थच्या पुजारणींनी ते नाकारलं, म्हणून त्या घराण्याने तिच्याकडे पाठ फिरवून दुसरा देव धरला आणि वरच्या जगात उद्योग सुरू केले. भांडण देवीशी नव्हतं, देवीच्या नावाने 'नाही' म्हणणाऱ्यांशी होतं. पुढे १९८० साली लॉल्थच्या स्वतःच्या जागेवरची पुस्तिका आली. ही जागा म्हणजे पाताळाचा सहासष्टावा थर, जाळ्यासारख्या एकात एक गुंतलेल्या वाटांचा. १९८६ मध्ये सगळ्या पुस्तिका एकत्र बांधल्या गेल्या तेव्हा तर सारा कट पहिल्यापासून लॉल्थचाच होता असं ठरलं. गोष्ट सरळ झाली, खलनायिका ठसठशीत झाली. घराणं आणि पुजारणी यांच्यातली ती ओढाताण मात्र मागे पडली. मला विचाराल तर हे नुकसान झालं.

ते भरून काढलं कादंबऱ्यांनी. आर. ए. सॅल्व्हातोरे यांच्या १९८८ च्या पहिल्या कादंबरीत ड्रिझ्ट हा ड्राऊ दुय्यम सोबती म्हणून आला होता, पण वाचकांनी त्यालाच उचलून धरलं. मग त्याच्या लहानपणाची गोष्ट १९९० मध्ये आली आणि तिच्यातून मेन्झोबेरान्झान हे शहर उभं राहिलं. आपली मोहीम याच शहरात आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

या शहरात घराण्याची सत्ता आईकडे, पौरोहित्य बायकांकडे, आणि वरच्या आठ घराण्यांच्या मातांची सभा सगळ्यांवर. एका घराण्याने दुसऱ्यावर हल्ला करणं हा कायद्याने गुन्हा. पण तक्रार करायला त्या घराण्यातलं उमराव रक्ताचं एकही माणूस उरलं नाही, तर गुन्हा घडलाच नाही. शिक्षा होते ती काम अर्धवट सोडल्याची. ड्रिझ्ट जन्मतो त्याच रात्री त्याचं घराणं दुसऱ्या एका घराण्याला असं समूळ संपवत असतं. तो तिसरा मुलगा, आणि जिवंत असलेला तिसरा मुलगा लॉल्थला बळी द्यायचा अशी रीत. तो वाचतो कसा? नेमक्या त्याच घटकेला एक भाऊ दुसऱ्याला मारतो आणि तिसऱ्याचा दुसरा होतो. कुणाच्या मनात दया आली म्हणून नाही, मोजणी बदलली म्हणून.

आणि मग तो भाग, जो मी दर दोन वर्षांनी पुन्हा वाचतो. वरच्या जगातल्या एका हल्ल्यात ड्रिझ्ट एका एल्फ मुलीला लपवून वाचवतो. घरात कुणालाच हे ठाऊक नाही. लॉल्थला ठाऊक आहे. घराण्यावरची तिची मर्जी उडते. आईला नाराजी कळते, कारण कळत नाही. आता ते कारण घरातच हुडकायचं, पोटच्या मुलांवर संशय घ्यायचा, आणि हे सगळं शेजारच्या घराण्यांना सुगावा लागण्याआधी, कारण मर्जी उडालेल्या घरावर झेप घ्यायला सगळे टपलेले. लॉल्थ त्या वाड्यात एकदाही आपल्या पायांनी येत नाही. तिला यायची गरजच पडत नाही.

तिच्या रूपपालटाबद्दल आपल्या बैठकीत फार उत्सुकता आहे. कोळी होते, बाई होते, तिच्या योक्लोल नावाच्या दासीही वितळलेल्या मेणाच्या खांबासारख्या दिसतात आणि हव्या तेव्हा देखण्या ड्राऊ बनतात. खेळात हे सगळं येईल. पण तिची पकड रूपांमुळे नाही. आज ती प्रसन्न आहे की नाही हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही, आणि सांगता येतं असा दावा करणाऱ्यांच्या हाती सगळी सत्ता असते. गेल्या खेपेला आमच्यातल्या एकाने भर खेळात विचारलं होतं, "देवी म्हणालीया म्हणून ही पुजारीण सांगालीया, पण देवीनं हिला कवा सांगितलं?" त्या प्रश्नावर ही मोहीम मी बांधली आहे.

रूप बदलून माणसाला नाचवणारा देव मराठी घरांना नवा नाही. शनिवारी ज्यांच्याकडे शनिमाहात्म्याची पोथी वाचली जाते त्यांना विक्रम राजा माहीत आहे. विक्रम भर दरबारात शनीला हसतो, शनी घोड्यांच्या व्यापाऱ्याचं रूप घेऊन उज्जैनीत येतो, विक्रम पारखायला म्हणून घोड्यावर बसतो आणि घोडा त्याला उडवून परमुलखात नेऊन टाकतो. तिथे भिंतीवरचा चित्रातला हंस हार गिळतो, चोरीचा आळ विक्रमावर, हातपाय तोडले जातात, राजाच्या नशिबी तेल्याचा घाणा येतो. लॉल्थपेक्षा हे काही सौम्य नाही. पण साडेसातीला मुदत आहे. साडेसात वर्षं भरली की शनी स्वतः समोर उभा राहतो, हातपाय परत येतात, आणि विक्रम वर काय मागतो, तर मला दिलीस तशी पीडा दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. हिशोब आहे, शेवट आहे, देवाला तोंडावर सांगता येतं. मेन्झोबेरान्झानमध्ये यातलं एकही नाही.

सौंदत्तीचं नाव निघणार, तेव्हा तेही बोलून घेऊ. आपल्याच जिल्ह्यात यल्लम्माचा डोंगर आहे. मार्गशीर्षापासून माघी पौर्णिमेपर्यंत कोल्हापूर-सांगलीपासून धारवाडपर्यंतची माणसं तिथे लोटतात, जोगळभावीला आंघोळ करतात, भंडारा उधळतात. कन्नड माणूस यल्लम्मा म्हणतो, मराठी माणूस रेणुका म्हणतो, आणि 'उदो' दोघांच्या तोंडी एकच. दोन नावं, दोन भाषा, पण ते सोंग नव्हे. आपल्या सीमाभागात देवीला दोन्ही घरांत हाक मारता येते, इतकंच ते आहे. तिची आणि लॉल्थची तुलना मी करणार नाही आणि टेबलावरही होऊ देणार नाही.

मात्र देवीच्या नावाने माणसांनी काय केलं ते सांगायला हवं. मुलीच्या केसांत जट झाली की यल्लम्मा आईचं बोलावणं आलं असं म्हणायचे. जट होते केस विंचरले नाहीत, धुतले नाहीत, गुंता साचत गेला की. पण तो गुंता म्हणजे बोलावणं असं सांगणारी माणसं होती, ऐकणारे गरीब आईबाप होते, आणि मुलगी देवाला सोडली जायची. पुढचं आयुष्य तिच्या हातात उरायचं नाही. बेळगाव मुंबई प्रांतात असताना १९३४ साली याविरुद्ध कायदा झाला, कर्नाटकाने पुन्हा १९८२ मध्ये केला. एकाच कामाला पन्नास वर्षांच्या आत दुसरा कायदा लागतो, यावरून ती पकड किती घट्ट होती ते दिसतं. देवीने काही मागितलं नव्हतं. ज्यांनी चिन्हाचा अर्थ लावायचा हक्क स्वतःकडे घेतला त्यांनी मागितलं होतं. लॉल्थच्या गोष्टी वाचताना मला वेळोवेळी या मुली आठवतात. म्हणूनच ही काल्पनिक देवी मला नुसती करमणूक वाटत नाही.

आता लॉल्थच्या पूर्वायुष्याकडे. 'फरगॉटन रिअल्म्स' हे एड ग्रीनवुड यांनी या खेळासाठी रचलेलं काल्पनिक जग १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि लॉल्थ त्यात रुजली. १९९१ मध्ये ग्रीनवुड यांनी ड्राऊंवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यात आयलिस्ट्रे ही चांदण्यात नाचणारी, ड्राऊंना पुन्हा वर उजेडात आणू पाहणारी देवी आहे. दशक संपता संपता कथा अशी जुळली की लॉल्थ मूळची अराऊश्नी, एल्फांच्या मुख्य देवाची, कोरेलॉनची, सहचरी. तिने नवऱ्याविरुद्ध कट केला, तो उघडकीला आला आणि तिला पाताळात ढकललं गेलं. तिथे ती कोळी झाली. मुलगी आयलिस्ट्रे निर्दोष होती, तरी आपल्या लोकांना कधीतरी आपली गरज पडेल म्हणून तिने आपणहून हद्दपारी मागून घेतली.

ही अराऊश्नी विणकरांची देवी होती. वडगाव-शहापुरात बसून हे वाचताना अंगावर काटा येतो. मागाचा आवाज ज्यांच्या लहानपणात भिनला आहे असे दोघे आपल्या टेबलावर आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. ताणा-बाणा घालून विणलेली शहापुरी साडी घडी होऊन दुसऱ्याच्या घरी जाते. कोळी स्वतःच्या पोटातून धागा काढतो आणि जाळ्याच्या मधोमध स्वतःच बसून राहतो, कुठला धागा हलतोय ते पायांनी जोखत. ग्रीक कथेतली अरॅक्नी हीसुद्धा विणणारीच. देवी अथेनाशी तिने बरोबरी केली आणि कोळी झाली. लॉल्थच्या कथेत हा धागा आला तेव्हा ती मला पहिल्यांदा माणसासारखी समजली: हातात कसब होतं, ते दुसऱ्यासाठी वापरणं तिने सोडून दिलं.

२००२ ते २००५ या काळात सहा लेखकांनी सहा कादंबऱ्यांची मालिका लिहिली आणि तिची कल्पना एका ओळीत मावते: लॉल्थ गप्प झाली. पुजारणींच्या प्रार्थनेला उत्तर येईना, मंत्र चालेनात. पहिले कित्येक दिवस त्या काय करतात? लपवतात. देवी बोलते आहे असं भासवत राहतात. मग बातमी फुटते, मेन्झोबेरान्झानमध्ये गुलाम बंड करतात, आणि चेड नसाद नावाचं, दगड झालेल्या जाळ्यांवर लटकलेलं आख्खं शहर कोसळतं. शेवटी ती परतते, आधीपेक्षा बलवान होऊन. मधल्या काळात ती स्वतःला नव्याने घडवत होती. एवढं सोसूनही तिच्या लोकांनी तिला पुन्हा स्वीकारलं, ही मला त्या मालिकेतली सगळ्यात दुःखाची गोष्ट वाटते.

अलीकडचं थोडक्यात. एक आख्खी जमात, तीही काळ्या कातडीची, जन्मतः दुष्ट दाखवायची यावर वर्षानुवर्षं आक्षेप होते आणि ते रास्त होते. २०२० मध्ये खेळाच्या प्रकाशकांनी हे चित्रण बदलत असल्याचं जाहीर केलं. २०२१ च्या कादंबरीत सॅल्व्हातोरे यांनी दूर उत्तरेच्या बर्फातली ड्राऊंची एक वेगळी वस्ती दाखवली, जिथे लॉल्थची सत्ता कधी पोहोचलीच नाही. म्हणजे मेन्झोबेरान्झानचे ड्राऊ क्रूर झाले ते रक्तामुळे नाही, त्यांना तसं वाढवलं गेलं म्हणून. आपण हीच मांडणी धरून खेळणार आहोत. त्यामुळे कुणाचंही कॅरेक्टर जन्मतः वाईट असणार नाही.

टेबलाचा एक नियम आत्ताच सांगून ठेवतो. खेळ चालवणारा म्हणून बाकी सगळ्या पात्रांचे संवाद मी बोलेन, लॉल्थचे बोलणार नाही. तिचं म्हणणं कळेल ते पुजारीण झालेल्या खेळाडूकडूनच. पहिल्या रविवारी मी त्या खेळाडूला एक बंद चिठ्ठी देईन. चिठ्ठी कोरीही असू शकते. ती उघडून तिने इतरांना काय सांगायचं, हे तिचं तिने ठरवायचं.