गवती चहात चहा किती?

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्न नियामकाने एक खुलासा काढला. पाकिटावर ‘टी’ हा शब्द छापायचा, तर आतला माल कॅमेलिया सायनेन्सिस या चहाच्या झुडपाचाच हवा. कांगडा चहा, ग्रीन टी, इन्स्टंट टी यांना मुभा. रूइबॉस टी, हर्बल टी, फ्लॉवर टी ही नावं चालणार नाहीत. असं नाव छापणं म्हणजे ग्राहकाची दिशाभूल, आणि ऑनलाइन विकणारेही यातून सुटत नाहीत. हा माल विकायला बंदी नाही. त्याची सोय ‘प्रोप्रायटरी फूड’मध्ये (ठरलेलं मानक नसलेली, कंपनीची स्वतःची मिश्रणं) किंवा अनिर्दिष्ट खाद्यपदार्थांच्या २०१७च्या नियमांत लावायची आहे.

इंग्रजीत हा वाद टी म्हणायचं की इन्फ्युजन, एवढ्यावर मिटतो. मराठीत तो एका गवतापाशी येऊन अडतो.

गवती चहात चहा नाही. पण तो चहात पडतो, परसात लावला जातो तोही चहासाठीच, आणि बाजारात आलं-पुदिन्याच्या शेजारी त्याची जुडी ‘चहा’ म्हणूनच मागितली जाते. मुंबईकडे त्याला हिरवी चहा म्हणतात. इथे चहाचं लिंगसुद्धा बदललं आहे, आणि त्यात गुजरातीतल्या ‘लीली चा’ची सावली दिसते. कुठे तो पातीचा चहा होतो, कुठे नुसती चहाची पात. डब्यातली कोरडी भुकटी ती चहापत्ती आणि कुंडीतली ओली ती चहाची पात. फरक एका अक्षराचा, वस्तू अगदी वेगळ्या. ग्रीन टी मराठीत आला तेव्हा ‘हिरवा चहा’ ही जागा अशी आधीच भरलेली होती. तो शेवटपर्यंत ग्रीन टीच राहिला, त्याचं हेही एक कारण.

आता हे नाव दिशाभूल करणारं आहे का? जुन्या वैद्यकात या गवताला भूतृण म्हटलं आहे. गवती चहा हे नाव त्यावर बसलं ते चहा घराघरांत पोचल्यानंतर, आणि ते वापरावरून पडलं: जे गवत चहात घालतात ते. हे नाव मुळात झाडाचं आहे. म्हणून तर लोक ‘गवती चहाचा चहा’ असं दोनदा चहा म्हणून बोलतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पहिला चहा गवत, दुसरा पेय. तापात देतात तो मात्र गवती चहाचा काढा. त्याला चहा कुणी म्हणत नाही. म्हणजे नियामकाला जो भेद हवा आहे तो मराठीत घरोघरी आधीपासून पाळला जातो. त्यापुढेही जाऊन, पाण्यात उकळून आटवला तो काढा आणि गरम पाण्यात नुसता भिजवून गाळला तो फांट, असे दोन शब्द वैद्यकाने देऊन ठेवले आहेत. कॅमोमाइल फुलांच्या पिशवीला ‘टी’ म्हणायचं नसेल तर फांट म्हणता येतं. पाकिटावर मात्र छापलं जातं ‘इन्फ्युजन’.

खरी फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. रोपवाटिकेत गवती चहा म्हणून पुष्कळदा सिट्रोनेला गळ्यात मारतात. दोन्ही एकाच कुळातली, लांबून सारखीच दिसणारी. गवती चहाच्या बुंध्याकडचा भाग पांढरट-हिरवा असतो, सिट्रोनेलाचा लालसर. पात चुरगळून हुंगली की शंका राहत नाही: गवती चहाला सिट्रालचा, लिंबाच्या सालीसारखा स्वच्छ वास येतो, सिट्रोनेलाला डास पळवायच्या मलमाचा. तेलासाठी वेगळ्या जाती लावतात. केरळातली गवती चहाची जात वेगळी, आणि खानदेश-विदर्भाकडचं रोशा गवत तर सुगंधी तेलापुरतंच. त्याला गुलाबाकडे झुकणारा वास असतो, चहात ते शोभत नाही.

पात कापायची ती जमिनीपासून चार बोटं सोडून, धारेला बोट न लागू देता. टोकं तपकिरी झालेली जून पात चहाला गवताळ कडवटपणा देते. दीडशे मिलिलीटरच्या दोन कपांना हातभर लांबीच्या तीन-चार पाती पुरे. त्या कात्रीने बारीक कापा किंवा गाठ मारून टाका, पण थंड पाण्यातच टाका, आणि उकळी फुटल्यावर झाकण ठेवून तीन मिनिटं मंद आंच द्या. चहा पावडर त्यानंतर. सिट्राल वाफेबरोबर उडतं. दहा मिनिटं उघड्यावर खळखळवलं तर घर घमघमतं आणि कपात काही उरत नाही. वाळवायची वेळ आली तर सावलीत. उन्हात वाळलेली पात वासाला पेंढा.

वास-मसाल्याचा चहा मूळ चहावर नंतर चढवलेला थर आहे, असं सर्रास धरलं जातं. निदान पश्चिम किनाऱ्यावर क्रम उलटा दिसतो. १६८९ साली सुरतेच्या प्रवासाला निघालेल्या एका इंग्रज पाद्र्याने लिहून ठेवलं आहे की तिथले वाणी चहाच्या पाण्यात तिखट मसाले उकळतात आणि डोकेदुखी, मुतखडा, पोटातला मुरडा यांवर घेतात. सोबत खडीसाखर किंवा मुरवलेली लहान लिंबं. दुधाचा त्यात उल्लेख नाही. तेव्हाचा चहा चीनचा. आसामचा चहा लंडनच्या लिलावात गेला १८३९ मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनी. चीनशी व्यापार करणाऱ्या मुंबईच्या पारशी घरांत पुदिना आणि गवती चहा घातलेली ‘चोय’ रुळली, ती याच किनाऱ्यावरची.

बिनमसाल्याचा, किटलीत मुरवलेला, वरून दूध घातलेला चहा ही इथे शिकवून रुजवलेली चव आहे. १९०३ पासून निर्यातीच्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धात गिरण्या-कारखान्यांत, खाणींत चहाचे ठेले उभे राहिले. १९३०च्या मंदीत परदेशी मागणी घसरली, तसा प्रचाराचा रोख देशातल्या गिऱ्हाइकाकडे वळला. स्थानकांवर देशी भाषांत एनॅमलच्या पाट्या लागल्या: ताजं पाणी एकदाच उकळा, किटली आधी गरम करा, माणशी एक चमचा आणि एक किटलीसाठी, पाच मिनिटं मुरू द्या, मग दूध-साखर.

याच प्रचारकांना ठेल्यावरचा मसाला खटकत होता. चवीच्या शुद्धतेची भाषा वरवरची. हिशेब पत्तीचा होता. आलं-वेलची-मिरी घातली की निम्म्या पत्तीत कप भरतो, आणि पत्ती खपवणं हेच तर प्रचाराचं काम. ठेलेवाला मात्र तेच करत राहिला. आज जो ‘अस्सल भारतीय’ म्हणून मिरवतो तो चहा या शिकवणीला न जुमानता टिकला आहे.

त्याला बळ मिळालं ते पुढच्या दोन गोष्टींनी. सीटीसी (क्रश-टेअर-कर्ल) यंत्र आसामात १९३०च्या सुमाराला आलं, पण त्याचा माल सगळीकडे पसरायला स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन दशकं जावी लागली. पान चिरडून, फाडून, गोळीदार केलेली ही ममरी मिनिटाभरात रंग सोडते आणि दुधाला पुरून उरते. दुसरी गोष्ट दूध: १९७० पासूनच्या दुधाच्या मोहिमेने शहरात रोजचं दूध भरवशाचं झालं. कडक पत्ती आणि भरपूर दूध एकत्र उकळायला लागल्यावर किटलीची पद्धत मागे पडली. दुधातली प्रथिनं पत्तीतला तुरटपणा बांधून ठेवतात, आणि दुधातल्या स्निग्धांशात आल्याचा, वेलचीचा, गवती चहाचा वास मुरतो. मलई काढलेल्या दुधाच्या चहात आलं जास्त झोंबतं ते यामुळेच.

पुण्यातलं अमृततुल्य याच्या आधीचं, १९२०च्या दशकापासूनचं. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी ते चालवलं. कल्हईचं पितळी पातेलं, दूध-पाणी-साखर एकत्र उकळत ठेवलेली, पावडर शेवटाकडे, आलं-वेलची खलबत्त्यात त्या त्या घाण्यापुरती कुटलेली, आणि गाळायला फडकं. फडक्यातून बारीक भुकटीसुद्धा खाली उतरत नाही, म्हणून तो चहा दाट असूनही जिभेला गुळगुळीत लागतो. हे फडकं साबणाने धुतलं की पुढचे दोन घाणे वाया.

काय कधी घालायचं यावर घराघरांत मतं आहेत, आणि त्यातली निम्मी रसायनात चुकीची. आलं पहिल्यापासून पाण्यातच हवं. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. साठ-सत्तर अंशांच्या दुधात ठेचलेलं आलं पडलं की दूध फाटतं. (दक्षिण चीनमध्ये याच गुणावर आल्याच्या रसाने दूध लावून गोड पदार्थ करतात. आपल्याकडे तोच गुण सकाळी सातला शिव्या खातो.) पाण्यात तीन-चार मिनिटं खळखळून उकळलं की ते विकर मरतं, मग दूध खुशाल घाला. किसलेलं आलं ठेचलेल्यापेक्षा तिखट उतरतं, सुंठ दोन्हींपेक्षा तिखट. ओल्या आल्याच्या निम्म्याहूनही कमी घ्यावी. लवंग, दालचिनी, मिरी सावकाश उतरतात, तीही पाण्याबरोबर. वेलची मात्र शेवटी, आंच बंद करायच्या अर्धा मिनिट आधी, सालासकट ठेचून, आणि वर झाकण. तुळस तशीच. आलं आणि गवती चहा एकत्र चालतात. वेलची आणि गवती चहा एकमेकांना मारतात, हे मात्र आमचं मत, नियम नव्हे.

गुळाचा चहा फाटतो तो गुळाच्या आंबटपणाने, आणि साठवणीचा गूळ नव्यापेक्षा आंबट असतो. चहाचं पाणी उतरवून त्यात गूळ विरघळवायचा, दूध वेगळं उकळून दोन-तीन मिनिटं निवू द्यायचं, मग एकत्र करायचं. परत गॅसवर चढवायचं नाही.

कोरा चहा आवडणाऱ्यांची तक्रार कडवटपणाची. ती बहुतेक वेळा पावडरीची नसते, दुधाच्या चहाचं माप तसंच ठेवल्याची असते. ममरी असेल तर निम्मी, कपाला सपाट अर्धा चमचा, आणि एक उकळी आली की बंद. दार्जिलिंगसारखं अख्खं पान कपाला दोन ग्रॅम, उकळी ओसरलेल्या पाण्यात तीन मिनिटं. हे पान दुधात उकळणं म्हणजे पैसे ओतणं. बोअरच्या जड पाण्यात कोणताही चहा काळपट होतो आणि वर तवंग येतो. तिथे पत्ती बदलून उपयोग नाही, पाणी बदलावं लागतं.

पाकिटातला फ्लेवर्ड चहा ही या सगळ्याहून वेगळी, अलीकडची गोष्ट. त्यात पत्तीवर वासाचा अर्क फवारलेला असतो किंवा वाळल्या तुकड्यांबरोबर मिसळलेला. पाकीट फोडताना वास उसळतो आणि पाच मिनिटं उकळलेल्या कपात तो सापडत नाही, याचं कारण वर गवती चहाचं सांगितलं तेच. बर्गमॉट या लिंबासारख्या फळाच्या वासाचा चहा दुधात उकळून फसतो तोही याच कारणाने. असा चहा गरम पाण्यात मुरवायचा, उकळायचा नाही. लेबलवर ‘फ्लेवर्ड टी’, वासाचं नाव, त्याची टक्केवारी आणि नोंदणी क्रमांक असावा लागतो. ‘आलं’ हे घटकांच्या यादीत आहे की फक्त चित्रात, हे पाहिलं तर काय विकत घेतलं ते कळतं.

२०१० नंतर ग्रीन टीच्या पिशव्या आणि त्यामागोमाग हर्बल टी घरात शिरले. २०२० मध्ये साथीत सरकारी सल्ल्यातला काढा आला: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, काळी मिरी एक.  विकणाऱ्यांनी तेच मिश्रण ‘इम्युनिटी टी’ म्हणून पाकिटात भरलं, आणि डिसेंबर २०२५च्या खुलाशाचा नेम अशा पाकिटांवरही लागतो.

त्या नेमाच्या कडेला जे उभं राहतं ते मात्र गमतीचं आहे. चहाच्या भुकटीवर लेमनग्रासचा, म्हणजे गवती चहाचाच, अर्क फवारला तर तो चहा. निखळ गवती चहा वाळवून पिशवीत भरला तर तो चहा नाही, आणि पाकिटावर त्या गवताचं मराठी नाव छापावं की छापू नये, हे खुलाशात कुठे नाही. ओल्या जुडीला लेबलच नसतं. तिचा प्रश्न येत नाही.