वाळवंटाची माती जंगलाला भारी

घनदाट वर्षावन आणि रखरखीत माळ यांपैकी जीवसृष्टी कुठे जास्त, असं विचारलं तर शाळकरी मूलही जंगलाकडे बोट दाखवेल. झाडं, पक्षी, किडे यांच्यापुरतं ते बरोबरच आहे. पण पायाखालच्या मातीतल्या जिवाणूंचे प्रकार मोजायला घेतले की हिशेब उलटा पडतो. नोआ फिअरर आणि रॉबर्ट जॅक्सन या संशोधकांनी उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या मातीच्या ९८ नमुन्यांमधला डीएनए तपासला आणि २००६ साली निष्कर्ष मांडले. सगळ्यांत कमी वैविध्य निघालं ते पेरूमधल्या अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या मातीत. कमी पावसाच्या कोरड्या प्रदेशांतली माती मात्र जिवाणूंच्या प्रकारांनी गजबजलेली होती.

झाडा-प्राण्यांच्या बाबतीत तापमान आणि विषुववृत्तापासूनचं अंतर यांवरून बराच अंदाज बांधता येतो. इथे त्यांचा काही उपयोग झाला नाही. उत्तर मिळालं ते मातीच्या सामूमध्ये, म्हणजे ती किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे यात. सामू ७च्या आसपास, म्हणजे माती उदासीन (ना आम्ल, ना अल्क) असली की वैविध्य भरपूर, आणि सामू उतरून माती आंबट होत गेली की ते घसरत जातं. आता जंगलाचं कोडं उलगडतं. धो धो पाऊस हजारो वर्षं मातीतले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार धुऊन नेतो आणि मागे आम्लधर्मी माती उरते. ज्या पावसावर जंगल पोसतं, तोच बहुतेक जिवाणूंच्या मुळावर येतो.

सामूचा एक अंक खाली येणं ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्या एका अंकात हायड्रोजन आयनांचं प्रमाण दसपट होतं. बहुतेक जिवाणूंना पेशीच्या आतलं वातावरण उदासीनच्या जवळ राखावं लागतं. बाहेर आम्ल वाढलं की आत झिरपणारे आयन उपसून टाकत राहायचं, बुडत्या होडीतलं पाणी उपसावं तसं. हा खर्च सगळ्यांना झेपत नाही.

मुळात हे सगळं मोजता येऊ लागलं तेच अलीकडे. पूर्वी जिवाणू ओळखायचे म्हणजे काचेच्या बशीत अन्न घालून ते वाढवायचे. पण सूक्ष्मदर्शकाखाली जेवढ्या पेशी दिसत, त्यांतल्या शंभरात जेमतेम एखादी बशीत वाढे. बाकीच्यांना आपला पाहुणचार मानवत नसे. कार्ल वूज या शास्त्रज्ञाने रायबोसोममधल्या, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या कणांमधल्या, आरएनएच्या तुलनेवरून सूक्ष्मजीवांची वंशावळ मांडायला सुरुवात केली आणि १९७७ साली आर्किया नावाची एक अख्खी स्वतंत्र शाखाच उजेडात आणली. पुढे हीच युक्ती थेट माती-पाण्यातल्या डीएनएवर वापरता येऊ लागली आणि वाढवण्याची अट सुटली.

मातीपुरता सामू महत्त्वाचा. पण माती, समुद्र, तळी, गाळ, गरम झरे असं सगळं एकत्र ठेवून पाहिलं तर? कॅथरीन लोझुपोन आणि रॉब नाइट यांनी २००७ मध्ये ते केलं. उकळत्या झऱ्यातले सूक्ष्मजीव सगळ्यांहून वेगळे पडतील अशी कुणाचीही अटकळ असती. प्रत्यक्षात सर्वांत ठळक रेघ पडली ती खाऱ्या आणि बिनखाऱ्या जागांमध्ये. मिठाचा उंबरठा ओलांडणं उष्णतेपेक्षाही अवघड दिसतं.

त्याच अभ्यासात आणखी एक गंमत निघाली. प्रजातींच्या संख्येत माती श्रीमंत. पण या प्रजाती एकमेकींच्या बऱ्याच जवळच्या. एकाच भावकीचं भलंमोठं गाव म्हणा ना! पाण्याखालच्या गाळात मात्र लांबलांबच्या घराण्यांतले सूक्ष्मजीव एकत्र नांदतात, आणि या मोजमापात गाळ पहिला आला. म्हणून ‘वैविध्य कुठे जास्त’ या प्रश्नाला मी तरी लगेच उत्तर देत नाही. डोकी मोजायची की घराणी, हे आधी ठरवावं लागतं.

इतक्या लांब जायलाही नको. २००९ साली निरोगी माणसांच्या त्वचेची तपासणी झाली, तेव्हा हाताच्या आतल्या बाजूला, कोपर आणि मनगट यांच्यामध्ये, सरासरी ४४ प्रजाती आढळल्या आणि कानामागे १५. कानामागची त्वचा तेलकट. तेलावर जगणाऱ्या मोजक्यांचंच तिथे फावतं.

आणि वैविध्य पार तळाला गेलेली जागाही सापडली आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोल, खडकाच्या भेगांत सुमारे ६० अंश सेल्सियसचं पाणी आहे. २००८ मध्ये त्या पाण्यातला डीएनए वाचला गेला, तर ९९.९ टक्क्यांहून अधिक डीएनए एकाच जिवाणूचा निघाला: डीसल्फोरूडिस ऑडॅक्सव्हिएटर. तिथे ना सूर्यप्रकाश, ना प्राणवायू. खडकातल्या युरेनियमच्या किरणोत्साराने पाण्याचे रेणू फुटतात, त्यातून सुटणारा हायड्रोजन आणि सल्फेट यांच्यावर याची गुजराण चालते. कार्बन आणि नायट्रोजनही हा स्वतःच बांधून घेतो. त्यासाठी लागणारी काही जनुकं मात्र आर्कियांच्या जनुकांशी मिळतीजुळती आहेत. आज एकट्याने संसार करणाऱ्या या जिवाणूने ती कधीकाळी कुण्या शेजाऱ्याकडून उचललेली असावीत.